परतीची वाट ठेवून



एप्रिल महिन्यातील एका रविवारी सकाळी माझ्या भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातील अ‍ॅशबर्न या गावी राहतो. आपल्याकडे सकाळ होती, त्याच्याकडे शनिवारची रात्र. त्याची कन्या तेरा वर्षांची, इयत्ता आठवीत शिकणारी. "आत्या, तिचा नंबर लागला," तो म्हणाला. बातमी आनंदाची होती, परंतु आवाजात आनंद निम्माच उतरला होता. "घ्यायचं की नाही ते थोड्या दिवसांत कळवायचं आहे. घरात माणसं तीन आणि मतं चार झाली आहेत. तू तीस वर्षं शाळेत शिकवलंस. तूच सांग."

आपल्या व्यापारी घरांत सल्ला मागणे ही सहज गोष्ट आहे. माल कुठून उचलावा, भागीदारी कुणाशी करावी, दुकानाचा गाळा घ्यावा की भाड्याने ठेवावा, हे आपण चार वडीलधाऱ्यांना विचारून ठरवितो. मुलांच्या शाळेचा निर्णय मात्र आपण बहुधा नावावर घेतो. अमुक शाळेत प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात. तिथे जावे की नाही, हा प्रश्न कुणी उच्चारलाच तर तो अपशकुन वाटतो. माझ्या भाच्याने तो उच्चारला, म्हणून या महिन्याचे हे सदर त्याच्या घरातील त्या दिवसांविषयी लिहीत आहे. ज्यांची मुले यंदा लातूरला, कोट्याला किंवा पुण्याला निघाली आहेत, त्यांनाही यात आपले काही सापडेल, असे वाटते.

प्रथम ती शाळा कोणती हे सांगावयास हवे. तिचे नाव थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी. ही सरकारी शाळा वॉशिंग्टन शहराजवळच्या फेअरफॅक्स काउंटीत १९८५ साली सुरू झाली. तिथे नववी ते बारावीचे वर्ग आहेत. भोवतालच्या काही काउंट्यांमधून निवडक मुले तिथे घेतली जातात. अशा शाळांना तिकडे सर्रास 'मॅग्नेट स्कूल', म्हणजे लोहचुंबकासारखी ओढून घेणारी शाळा, असे म्हणतात. व्हर्जिनिया राज्यात या शाळेला अधिकृतपणे 'गव्हर्नर्स स्कूल' असे नाव आहे.

लोहचुंबकाची ही उपमा कुठून आली, हे कळले तर तिच्याविषयीचे आपले काही गैरसमज दूर होतील. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. निकाल लागला, पण वस्त्या वेगळ्याच राहिल्या आणि वस्त्यांबरोबर शाळाही. मुलांना बसमध्ये बसवून सक्तीने दूरच्या शाळांत पाठविण्यावरून पुढे अनेक शहरांत मोठा असंतोष माजला. तेव्हा १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून दुसरा उपाय पुढे आला: एखाद्या शाळेत संगीत, विज्ञान किंवा भाषा यांचे असे खास शिक्षण ठेवावे की सर्व वस्त्यांमधील पालक आपण होऊन मुलांना तिथे पाठवतील. सक्ती नको, ओढ पुरे. अशा पुष्कळ शाळांत आजही चिठ्ठ्या टाकून प्रवेश देतात. गुणवत्तेच्या चाळणीतून मुले निवडणाऱ्या शाळा हा त्यातील एक लहान भाग आहे; तथापि सर्वाधिक बोलबाला होतो तो त्यांचाच.

जेफरसन शाळेची चाळणीही स्थिर राहिलेली नाही. २०२०पर्यंत तिथे प्रवेशपरीक्षा होती. त्या परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग होते आणि त्या वर्गांत आपल्या भारतीय घरांतील मुले मोठ्या संख्येने जात. २०२० साली मंडळाने परीक्षा रद्द केली, जागा वाढवून साधारण ५५० केल्या आणि प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेतील आठवीच्या पटाच्या दीड टक्का इतक्या जागा त्या त्या शाळेसाठी राखल्या. नव्या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी प्रवेश मिळालेल्यांमधील आशियाई वंशाच्या मुलांचे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आले. काही पालक न्यायालयात गेले. २०२३ साली अपील न्यायालयाने नवी पद्धत वैध ठरविली आणि २०२४च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

कोण बरोबर, कोण चूक, हा वाद मी इथे मांडत नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की चाळणीची जाळी माणसे ठरवितात आणि माणसेच ती बदलतात. माझ्या नातीने त्याच वर्षी आपल्याच काउंटीतील, लीसबर्ग येथील दुसऱ्या एका निवडक विज्ञान विद्यालयासाठीही अर्ज केला होता. तिथे तिची निवड झाली नाही. मुलगी तीच, महिनेही तेच. एका दारात ती निवडलेली आणि दुसऱ्या दारात न निवडलेली. निवडपत्राला मुलीच्या योग्यतेचा दाखला समजू नये, हे भाच्याच्या मनात उतरविण्यासाठी मला याहून वेगळे उदाहरण द्यावे लागले नाही.

मग आम्ही फोनवरच वही मांडली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

जमेची बाजू भक्कम होती. या शाळेला शिक्षणशुल्क नाही. मुलीची मूळ काउंटी फेअरफॅक्सला तिच्या शिक्षणाचे पैसे देते. नववीत जीवशास्त्र, इंग्रजी आणि तंत्ररचना हे तीन विषय तीन शिक्षक मिळून एकमेकांत गुंफून शिकवितात. बारावीत प्रत्येक विद्यार्थी एखाद्या प्रयोगशाळेत किंवा बाहेरच्या संशोधकाच्या हाताखाली स्वतःचे संशोधन करतो. खगोल, सागर, मेंदू, संगणक अशा विषयांच्या स्वतंत्र प्रयोगशाळा शाळेतच आहेत. आठवड्यातील दोन दिवस शाळेच्या वेळातच मुलांना आपापल्या छंदांच्या मंडळांसाठी तास राखलेला असतो. आणि सर्वांत मोठी जमा म्हणजे सोबत. ज्या मुलीला गणितातील एखादे कोडे जेवतानाही सुटत नाही, तिला तशाच आणखी पन्नास मुली भेटतात.

नावे बाजू मात्र भाच्याने मांडली नव्हती. ती भाचेसुनेने मांडली. ती म्हणाली, "आत्याबाई, शुल्क नाही, पण तास आहेत." अ‍ॅशबर्नहून ती शाळा चाळीसेक किलोमीटर दूर. बस वाटेत थांबे घेत जाते. जाण्यास सव्वा तास, येण्यास सव्वा तास. म्हणजे दिवसाचे अडीच तास. वर्षात शाळेचे १८० दिवस. ४५० तास झाले. चार वर्षांचे १,८००. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरला, तर २२५ दिवस ही मुलगी बसमध्ये बसून राहणार. हा आकडा ऐकून भाचा क्षणभर गप्प झाला. व्यापाऱ्याचा मुलगा तो. मालाचे भाडे तो आधी मोजतो. मुलीचे भाडे मोजावयाचे मात्र राहून गेले होते.

त्यात झोपेचा भाग आला. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांची संस्था सांगते. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ सालीच शिफारस केली होती की माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आत भरवू नयेत. घराजवळची शाळा उशिरा भरते; तिथे जाणारी मुलगी आरामात उठेल. दूरच्या शाळेची बस सातच्या सुमारास पकडावी लागेल, आणि गृहपाठही तिकडे अधिक.

घरातील दोन काळज्या आपल्या वाचकांच्याही मनात आल्या असतील. एक सूर्यास्ताची. वॉशिंग्टनच्या परिसरात डिसेंबरमध्ये सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. त्या दिवसांत घरी येऊन जेवणे या मुलीला शक्य होणार नव्हते. दुसरी काळजी जीवशास्त्राच्या तासाला होणाऱ्या प्राणिविच्छेदनाची. भाचेसुनेने चौकशी केली, तेव्हा कळले की विच्छेदनाऐवजी पर्यायी अभ्यास मागण्याचा अधिकार व्हर्जिनियाच्या कायद्यानेच विद्यार्थ्यास दिला आहे. आणि सूर्यास्ताचा प्रश्न नातीने स्वतःच सोडविला: "शाळा सुटली की बसमध्ये चढण्याआधी मी दुसरा डबा खाईन. जवळची शाळाही चारनंतरच सुटते. म्हणजे हा फरक फारसा नाहीच." मुलांना विचारले की मोठ्यांच्या कित्येक अडचणी अशा दोन वाक्यांत संपतात.

जमा आणि नावे मांडून झाल्यावर भाच्याने मनातील खरी नोंद सांगितली. "आत्या, इथून पुढे मोठ्या विद्यापीठात जाणं सोपं होतं ना?"

याचे उत्तर अभ्यासकांनी शोधले आहे. अब्दुल्कादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या तीन अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि न्यूयॉर्क येथील परीक्षेने प्रवेश देणाऱ्या नामवंत शाळांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. यांपैकी जोशुआ अँग्रिस्ट यांना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांची पद्धत आपल्याला सहज समजेल अशी आहे. जी मुले एखाददुसऱ्या गुणाने आत गेली आणि जी एखाददुसऱ्या गुणाने बाहेर राहिली, ती मुळात सारखीच. मग काही वर्षांनी दोघांच्या परीक्षांमधील गुणांची तुलना केली, तर शाळेने किती भर घातली हे कळेल. त्यांना फरक जवळजवळ आढळलाच नाही. त्या शाळांमधील मुले हुशार दिसतात, कारण हुशार मुलेच आत घेतली जातात. माल चांगला होता. दुकानाची पाटी त्याचे श्रेय घेत होती. हा निष्कर्ष काठावरच्या मुलांपुरता आणि त्या दोन शहरांपुरता आहे, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. तथापि नावासाठी जाणाऱ्याने तो एकदा वाचावा.

दुसरी गोष्ट मनाची. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकापासून दाखवून दिले आहे की सारख्याच कुवतीची दोन मुले घेतली आणि एकास अतिहुशारांच्या वर्गात, दुसऱ्यास सर्वसाधारण वर्गात बसविले, तर पहिल्याचा स्वतःच्या बुद्धीवरील विश्वास कमी होतो. आपल्याकडे 'वासरांत लंगडी गाय शहाणी' असे हिणवून म्हणतात. परंतु धडधाकट गाय शर्यतीच्या घोड्यांत नेऊन बांधली, तर ती स्वतःला लंगडी समजू लागते, हे म्हणीत सांगितलेले नाही.

ते मात्र आमच्या घराने पाहिले आहे.

भाच्याचे वडील म्हणजे माझे थोरले बंधू. १९७१ साली ते मॅट्रिकला तालुक्यात पहिले आले. आमच्या वडिलांची बाजारपेठेत धान्याची आडत होती. गावात मिरवणूक निघाली, हमालांनीही हार घातले. दादाला पुण्यातील एका नामांकित महाविद्यालयात विज्ञान शाखेस पाठविण्यात आले. जावे की नाही, हे त्याला कुणी विचारले नव्हते. असे विचारण्याची पद्धतच नव्हती. तिथे वर्गात प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या तालुक्यात पहिला आलेला. शिकविणे इंग्रजीतून. खानावळीचे जेवण त्याला मानवेना. दिवाळीला तो घरी आला तेव्हा निम्मा झाला होता, आणि रात्री गच्चीवर येरझाऱ्या घालीत असे. आईने विचारले, तर म्हणाला, "अभ्यास जास्त आहे." फेब्रुवारीत तो वळकटी घेऊन परतला. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "उद्यापासून गादीवर बस."

दादाने पुढे चाळीस वर्षे आडत उत्तम चालविली. त्याच्या शब्दावर बाजारात लाखोंचा व्यवहार होई. परंतु ज्याला बीजगणिताची उदाहरणे पाटीवर सोडवून मला दाखविण्याचा नाद होता, त्याने पुन्हा गणिताचे पुस्तक हाती धरले नाही. घरातही त्या आठ महिन्यांचा विषय निघत नसे.

त्याचा हिशेब मात्र माझ्या खात्यावर मांडला गेला. दोन वर्षांनी मी मॅट्रिक झाले. मला दादापेक्षा अधिक गुण होते. पुण्याचे नाव निघताच घरात कुणीतरी म्हणाले, "एकाचं पाहिलं ना." मी मुलगी होते, हेही कारण होतेच; पण बोलून दाखविले गेले ते हेच. मी गावातील महाविद्यालयातून कला शाखेची पदवी घेतली आणि शिक्षिका झाले. माझे आयुष्य वाईट गेले असे मी म्हणणार नाही. तरी विज्ञानाची प्रयोगशाळा दिसली की आजही दारात क्षणभर थांबते.

भाच्याने सल्ला मागितला, तेव्हा माझ्या ओठांवर आलेला पहिला शब्द होता, "पाठव!" तो शब्द मी गिळला. तो नातीसाठी नव्हता. तो १९७३ सालच्या एका मुलीसाठी होता. त्याच दिवशी सायंकाळी मी दादाला विचारले. तो म्हणाला, "नको." तोही शब्द नातीसाठी नव्हता. आपण मुलांना देतो ते सल्ले पुष्कळदा आपल्याच जुन्या खात्यांची वसुली असते. म्हणून ठरविले की आधी मुलीचे ऐकावयाचे.

पुढच्या रविवारी आम्ही सर्व जण पडद्यावर भेटलो. ते तिघे अ‍ॅशबर्नला, दादा आणि मी इकडे. मी नातीला शाळेविषयी काही विचारले नाही. विचारले, "कुणी सांगितलं नसताना तू काय करतेस?"

ती उठून एक वही घेऊन आली. २०२१ साली, ती नऊ वर्षांची असताना, त्या भागात सतरा वर्षांनी जमिनीतून वर येणारे सिकाडा नावाचे कीटक निघाले होते. त्यांच्या आवाजाने पूर्वेकडील कित्येक राज्ये दुमदुमली होती. हिने मे आणि जून महिन्यांत रोज सायंकाळी झाडांखाली बसून मोजणी केली होती. एकालाही हात न लावता, केवळ टरफले मोजून. तिला एक गोष्ट खटकली होती. जुन्या झाडीच्या वस्तीत टरफलांचा खच पडला होता आणि त्यांच्या स्वतःच्या नव्या वसाहतीत एकही नव्हते. तिने शोधून काढले की या कीटकांची पिले सतरा वर्षे झाडांच्या मुळांना धरून जमिनीखाली राहतात. जिथे घरांसाठी आणि डेटा सेंटरसाठी झाडे तोडून जमीन उकरली गेली, तिथून वर यायला कुणी उरलेच नाही. "म्हणजे आमचं घर बांधलं तेव्हा ते खाली होते," ती म्हणाली. पुढची खेप २०३८ साली. तोवर कुठल्या जमिनीखाली ते शिल्लक आहेत, हे न खणता कसे ओळखावे, हा प्रश्न तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता.

"हे मी वर्गात विचारलं तर 'छान प्रश्न' म्हणतात आणि पुढे जातात," ती म्हणाली. "तिथे याचं काम करायला जागा आहे. म्हणून मला जायचंय. आणि तिथे मी पहिली नसेन, त्याची भीतीही वाटते."

घरात चौथे मत कुणाचे होते, ते तेव्हा उलगडले. जावेसे वाटणारी आणि भीती वाटणारी अशी दोन मते तिची एकटीचीच होती.

तेवढ्यात दादा बोलू लागला. आजवर त्याने कधीही न सांगितलेली हकिगत त्याने नातीला सांगितली. खानावळ, इंग्रजी व्याख्याने, रात्रीची गच्ची. भाचा वडिलांच्या तोंडून हे प्रथमच ऐकत होता. शेवटी दादा म्हणाला, "मला दिवाळीतच परत यायचं होतं. पण तेव्हा परत येणं म्हणजे पळून येणं झालं असतं."

नातीने विचारले, "आजोबा, तुम्ही हे कुणाला सांगितलं होतं का?"

"नाही."

"का नाही?"

दादा थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "हार घातले होते ना सगळ्यांनी."

कुणी काही बोलेना. मग नात म्हणाली, "मी सांगेन. पण तुम्ही सगळ्यांनी आत्ताच म्हणा की सांगितलं तर चालेल."

वाचकहो, तीस वर्षांच्या नोकरीत मी पालकसभांमधून पुष्कळ उपदेश केला. एवढे नेमके वाक्य मला कधी सुचले नव्हते. दादाच्या वेळी महाविद्यालय वाईट नव्हते आणि दादाही कच्चा नव्हता. त्याची परतीची वाट हारांनी बुजली होती. जी मिरवणूक आपण काढतो, तिला मूल उलटे ओलांडू शकत नाही. पाठविण्यात चूक नव्हती. पाठवून दार लावून घेण्यात चूक होती. आणि तिची किंमत दोन मुलांनी मोजली.

त्या घराने निर्णय घेतला तो असा. मुलगी जाईल. पण पेढे वाटावयाचे नाहीत. इकडेही नाहीत आणि तिकडच्या मित्रमंडळींतही नाहीत. रात्री दहानंतर गृहपाठ राहिला, तर तो राहू द्यावयाचा. रविवारची पाठशाळा चालू राहील, परंतु शनिवारचे दोन वर्ग बंद होतील, कारण बसचे अडीच तास कुठून तरी काढावेच लागतात. सिकाडाची वही चालू राहते की नाही, यावर आईने लक्ष ठेवावयाचे. वही बंद पडली, तर ज्यासाठी ती गेली तेच हरवले असे समजावयाचे. आणि डिसेंबरच्या सुट्टीत सर्वांनी पुन्हा बसून एकच प्रश्न विचारावयाचा: राहायचे की परतायचे? घराजवळच्या शाळेचे दार तिच्यासाठी उघडे आहे. ती परतली, तर घरातील कुणीही 'सोडून आली' हा शब्द वापरणार नाही. हा शेवटचा करार भाच्याने कागदावर लिहिला आणि दादाला वाचून दाखविला. दादाने तो दोनदा वाचावयास लावला.

ही शाळा ऑगस्टमध्ये सुरू होईल. डिसेंबरमध्ये काय ठरेल, हे मला ठाऊक नाही, आणि या वेळी ते ठाऊक नसण्याचे भयही वाटत नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशातही अशा चाळण्या कमी नाहीत. १९८६ सालापासून नवोदय विद्यालये सहावीसाठी निवडपरीक्षा घेतात आणि ग्रामीण मुलांना किमान पंचाहत्तर टक्के जागा देतात. खेड्यातील कित्येक घरांचे दैव त्यांनी बदलले. दहावीनंतर लातूरच्या महाविद्यालयांत, कोट्याच्या शिकवण्यांत आणि पुण्याच्या वसतिगृहांत आपल्या समाजाची मुले दर जूनमध्ये दाखल होतात. त्यांतील काही तिथे फुलतात. काही जण दादासारखे रात्री गच्चीवर येरझाऱ्या घालतात आणि घरी फोनवर "अभ्यास जास्त आहे" एवढेच सांगतात.

म्हणून प्रवेशपत्र हाती आल्यावर तीन गोष्टी कराव्यात, असे सुचविते. एक, कुणी न सांगता मूल काय करते हे पाहावे, आणि त्या गोष्टीला नव्या ठिकाणी अधिक जागा मिळणार आहे का, हे विचारावे. मिळणार असेल, तर लांबचा प्रवासही सार्थकी लागतो. मिळणार नसेल, तर आपण फक्त पाटी विकत घेत आहोत. दोन, पैशांबरोबर तास मोजावेत: प्रवासाचे, झोपेचे, जेवणाचे, आणि काहीच न करता बसण्याचेही. तीन, पाठविण्याच्या दिवशीच परत येण्याचा दिवस ठरवावा आणि त्या दिवशी मुलाला खरोखर विचारावे.

माल परत घेण्याची बोली केल्याशिवाय आपण साधी साखरेची पोती उचलीत नाही. मुलांच्या बाबतीत तेवढी सावधगिरी बाळगावयास काय हरकत आहे?

परवा दादाकडे गेले होते. दुकान आता त्याचा धाकटा मुलगा पाहतो. दादा ओसरीवर बसून कागदावर काही आकडे मांडीत होता. विचारले, तर ओशाळून हसला. नातीने त्याला एक उदाहरण पाठविले होते: काही कीटक तेरा वर्षांनी वर येतात, काही सतरा वर्षांनी, दोन्ही एकाच वर्षी निघाले, तर पुन्हा एकत्र किती वर्षांनी येतील? दादाने उत्तर काढले होते, २२१. रीतही बाजूला लिहिली होती. नातीला ती समजावी म्हणून, सावकाश, पायरी पायरीने.